आबांची दुसरी प्लेट

ओरेगॅनोचा वास आला की बहिणीच्या स्थळाची ती दुपार आठवते. मुलाने पुण्यात, एका चेनच्या इटालियन हॉटेलात जेवायला बोलावलं होतं. न्हावऱ्याहून एसटीने आम्ही दमूनच पोचलो. पास्ता गार, चिकट आणि आंबूस होता. उष्टं टाकलं तर सोयरीक बिघडेल, म्हणून वडिलांनी तो पाण्याच्या घोटाबरोबर संपवला. रिकामी प्लेट पाहून मुलगा म्हणाला, “आबा, लाजू नका,” आणि दुसरी मागवली. तीही त्यांनी संपवली. परतीच्या एसटीत मी म्हणालो, “न्हाई म्हणायचं की आबा!” डोळे मिटूनच ते म्हणाले, “जेवाण वंगाळच व्हतं. पण पोरगं ताटाकडं बघतंय. आपली पोर तिथं उपाशी न्हाई राहायची.” आता मेव्हण्यांकडे पास्ता असला की दुसरी प्लेट माझ्यापुढे येते. मी मुकाट्याने संपवतो.