न बांधलेलं पिंप

आमच्या मामाच्या खोलीत मोकळं असं काही सापडायचं नाही. बादली नळाला, छत्री खिळ्याला, चष्मा गळ्याला, सगळं बांधलेलं. लग्नाची गाठ तेवढी राहून गेली, असं आई त्याला चिडवायची. एका छोट्या विमानतळावर मालाच्या विमानात खोकी चढवायची आणि पट्ट्यांनी आवळायची, हे त्याचं काम. बावीस वर्षं तेच. तिथे सगळे त्याला गाठ्या म्हणत.

त्या विमानाचा वैमानिक हा मामाचा एकुलता एक मित्र. निघताना तो खिडकीतून विचारायचा, "बांधलं?" मामा खालून ओरडायचा, "बांधलं!" नियमाप्रमाणे वैमानिकाने मागे जाऊन पट्टे स्वतः ओढून बघायचे असतात. हा पठ्ठ्या कधी जागचा उठला नाही. मामा हे छाती फुगवून सांगायचा आणि ऐकून माझं डोकं फिरायचं. नियम काय शोभेला असतात?

त्या सकाळी इंजिन सुरू झाल्यावर तेलाचं एक पिंप उशिरा आलं. मामाने ते मागच्या दाराशी उभं केलं. पट्टे संपले होते. शेडमधून आणावेत म्हणून तो खाली उतरला, तेवढ्यात खिडकीतून प्रश्न आला, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "बांधलं!" शब्द मागे घेता आला असता. पण एवढं जड पिंप कुठं हलतंय, असं मनाशी म्हणत मामाने दार लावलं.

विमानाने जमीन सोडली तसं पिंप आडवं झालं आणि शेपटाकडे घरंगळलं. विमानाचं नाक वर गेलं, जातच राहिलं, मग ते हवेतच अडखळलं आणि धावपट्टीपलीकडच्या गवतात आदळलं. वैमानिक वाचला, पण एक पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशी झाली. तुटलेले पट्टे पाहून साहेबांनी लिहिलं, जुना पट्टा तुटला असावा. वैमानिकाने दवाखान्यातून जबाब दिला, "गाठ्या बांधलं म्हणाला म्हणजे बांधलंच." मामा सुटला. सुटला कसला, पुरता अडकला. चोराच्या मनात चांदणं. कुणी धीर द्यायला आलं तरी याला वाटायचं, कळलं वाटतं. त्याने काम सोडलं. मित्राचे फोन वाजून वाजून बंद झाले. ज्या एका माणसाशी बोलायला जीव तुटत होता, त्यालाच तो दोन वर्षं टाळत राहिला. आमच्याकडे जेवायला यायचा, तोही मुकाट्याने. मला त्याची फार कीव यायची आणि कारण कळायचं नाही.

शेवटी एकदाचा तो मित्राच्या घरी गेला. तिथून थेट माझ्याकडे आला आणि पहिल्यांदाच सगळं बोलला.

मित्र खुर्चीत बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मामाने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "ते पिंप मी बांधलंच नव्हतं."

"ठाऊक आहे," मित्र म्हणाला. "मान वळवली तेव्हा मोकळं दिसलं होतं मला."

"मग उडालास कशाला रे?"

"तू बांधलं म्हणालास ना. मला वाटलं, माझीच नजर चुकली."

त्याने समोरची खुर्ची दाखवली. मामा बसला नाही.

"शिव्या घातल्या असत्या ना त्याने," मामा मला म्हणाला, "तर बसलो असतो रे."

पुन्हा तो तिकडे गेला नाही.