अॅस्टरच्या पानांची भोकं

नव्वदनंतरच्या वर्षांत आमच्या साताऱ्याच्या कॉलनीतल्या बायकांनी वडूजकडच्या एका फुलवालीकडून फुलं घेणं बंद केलं. ते माझ्यामुळे. हे मी आजवर कॉलनीत कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या हिला फुलदाणीची हौस. पण मंडईतल्या फुलांवरच्या औषधानं तिचे डोळे चुरचुरायचे. म्हणून तिनं नियमच केला, फवारणी न केलेलीच फुलं घरात यायची. वडूजकडची ती बाई थोड्या पाण्यावर अॅस्टर पिकवायची, मारलंच तर निंबोळीचं पाणी मारायची. शनिवारी पहिल्या एसटीनं साताऱ्याला यायची. तिच्या फुलांची पानं किड्यांनी खाल्लेली असत. "पानाला भोक दिसलं की समजायचं, विष नाही," असं हिनं कॉलनीभर सांगितलं. सगळ्याजणी भोकं बघून फुलं घेऊ लागल्या.

स्टँडवरून आमची जुडी घ्यायची, दिवसभर ऑफिसात बादलीत ठेवायची आणि संध्याकाळी घरी न्यायची, हे काम माझं. एका शनिवारी मी स्टँडसमोर भजी खात रमलो. तोवर बाई फुलं विकून गेलेली. मग मंडईतून अॅस्टर घेतली. पानं हिरवीगार, एकालाही भोक नाही! शेवटी ऑफिसातलं कागदांना भोकं पाडायचं पंचिंग मशीन घेतलं आणि कामाला लागलो.

घरी हिनं जुडी उलटसुलट पाहिली. "अहो, या अळ्या फार शिस्तीच्या दिसतात. सगळ्यांनी एकाच मापाचं खाल्लंय."

"शाळेत गेलेल्या असतील," मी म्हणालो.

ती हसली. पण जेवणाच्या वेळेपर्यंत तिचे डोळे लाल होऊन सुजले. पुढच्या शनिवारी शेजारणींना घेऊन ती स्वतः स्टँडवर गेली. मीही मागे होतो.

"औषध मारता आणि वर भोकं पाडून आणता?"

"आवं ताई, माझी लेकरं त्याच सऱ्यांत खेळत्यात. मी कशाला इख मारू?"

कुणी ऐकलं नाही. मी गप्प राहिलो. बाई पुन्हा साताऱ्याला आली नाही.

काही महिन्यांनी कामानिमित्त वडूजला गेलो, तेव्हा बाजारात ती दिसली. मी सगळं कबूल केलं. ती पदर तोंडाला लावून हसली. "लय उद्योगी की तुमी, सायेब!" मग हसू ओसरलं. "पर मला सांगून काय उपेग? मी काय करते ते मला ठावं हाय. तुमच्या बायकांना सांगा."

मी तिची एक जुडी घेऊन घरी आलो. हिचे डोळे चुरचुरले नाहीत.

"कुठली हो ही?"

"मंडईतली."

"बघा, मंडईवाल्यालाही अक्कल आली!"

मी मान डोलावली.

काल हे सगळं हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चारचौघांत त्या बाईला बोलले ती मी. आता नुसतं लिहून भागायचं नाही. ज्या शेजारणी अजून इथं आहेत, त्यांना मी बोलावते. सांगायचं मात्र तुम्ही, उभं राहून. आणि मग वडूजला जायचं, दोघांनी."