गुरुजींच्या हातावरचं ऑटोमॅटिक

आमच्या भाऊजींच्या दोन्ही हातांवर मिळून पाच-सहा घड्याळं असायची आणि त्यांतलं एकही त्यांचं स्वतःचं नसायचं. दीक्षाभूमीवरच्या गर्दीत कोणी वेळ विचारली, की ते बाह्या वर सारून विचारायचे, "कोणतं पाहून सांगू?" एकदा एका पोलिसाने त्यांना तस्करीचा माल नेणारा समजून अर्धा तास उभं ठेवलं होतं. त्या अर्ध्या तासात भाऊजींनी पोलिसाचंच घड्याळ उघडून साफ करून दिलं.

भाऊजी म्हणजे चंद्रभान, माझ्या थोरल्या बहिणीचा, वच्छलाचा, नवरा. गांधीबागेत एका कापडदुकानाच्या जिन्याखाली त्यांची घड्याळदुरुस्तीची जागा होती. एक टेबल, काचेचं कपाट, डोळ्याला लावायचं भिंग आणि बसायला एकच स्टूल. म्हणजे गिऱ्हाइकाने उभं राहायचं. वरच्या दुकानातून दिवसभर कापडाचे तागे आपटल्याचे आवाज येत आणि कापसाची तूस खाली उतरत राही. ती तूस घड्याळात गेली की चाकं अडकतात, म्हणून उघडलेलं प्रत्येक घड्याळ भाऊजी चहाच्या काचेच्या ग्लासाखाली झाकून ठेवत. नवा माणूस चहा मागवला समजून ग्लास उचलायला जायचा आणि भाऊजींचा आवाज जिन्याच्या वरच्या टोकापर्यंत जायचा.

हातांवरच्या घड्याळांचं कारण असं. त्या काळी, म्हणजे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास, आखाती देशांत गेलेली पोरं घरच्यांना स्वस्तातली ऑटोमॅटिक घड्याळं पाठवू लागली होती. या घड्याळांना चावी द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग भरत जाते. पुरती भरली की घड्याळ दीड दिवस चालतं. बऱ्याच स्वस्त घड्याळांना तर चावी द्यायची सोयच नसते. गल्लीत समोर बसणारा रुपराव घड्याळजी अशा घड्याळाला हातही लावायचा नाही. "खेळणं हाये ते," म्हणायचा, "बिघडलं की फेका." भाऊजींना हे लागायचं. त्यांचं म्हणणं, यंत्र स्वस्त असलं तरी खोटं नसतं. चार-पाच वर्षांत आतलं तेल वाळतं, लोक तसंच वापरतात आणि मग घड्याळाला शिव्या देतात. सगळे भाग सुटे करून पेट्रोलने धुवा, नेमक्या जागी नेमकं तेल द्या, मग ते महागड्याच्या बरोबरीने चालतं. आणि धुतलेलं ऑटोमॅटिक दोन दिवस स्वतःच्या हातावर चालवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देत नसत. वच्छलाताई म्हणायची, जेवायला बसले की ताटात आधी घड्याळं उतरतात.

एके दिवशी रुपरावाने चारचौघांत डिवचलं, तसे भाऊजी उभे राहून म्हणाले, "माह्या हातून धुतलेलं ऑटोमॅटिक वर्षाच्या आत बंद पडलं, तर त्या दिवसापासून ऑटोमॅटिकले हात लावणार नाई. आयकून ठेव गा रुपराव." झालं! गांधीबागेत अशी गोष्ट सांगितली की ती इतवारीपर्यंत पोचायला तासभर लागतो. मी त्यांना म्हटलं, कशाला जिभेला हाड नसल्यासारखं बोलता? पण ते खुशीत होते.

पुढच्याच महिन्यात धंतोलीच्या सिंधूताई एक जपानी ऑटोमॅटिक घेऊन आल्या. त्यांचे यजमान गोपाळराव निवृत्त मुख्याध्यापक. कुवेतच्या मुलाने पाठवलेलं घड्याळ थांबत होतं. "त्यांची तब्येत बरी नसते, घड्याळ थांबलं की फार मनाला लावून घेतात," एवढंच त्या बोलल्या. भाऊजींनी ते धुतलं, तेल दिलं, दोन दिवस हातावर चालवलं. मिनिटाचाही फरक नाही. आठवड्याने सिंधूताई परत आल्या. घड्याळ बंद. भाऊजींनी पुन्हा उघडलं, पुन्हा धुतलं, पुन्हा हातावर चालवलं. उत्तम. पुन्हा परत आलं. या वेळी रुपराव समोरून उठून आला आणि सिंधूताईंच्या देखतच म्हणाला, "मंग भाऊ, शब्दाचं काय?"

भाऊजींचं तोंड उतरलं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आठ दिवस मागून घेतले. आठ दिवसांत कारण सापडलं नाही, तर ऑटोमॅटिकचं काम कायमचं सोडायचं. रुपराव कबूल झाला.

पाच दिवस ते त्या एका घड्याळाच्या मागे लागले. फिरतं वजन घासतंय का, स्प्रिंग घसरतेय का, एकेक दात भिंगाखाली. काही नाही. जेवणावरून मन उडालं. सहाव्या दिवशी, शुक्रवारी, मी सहज दुकानावर गेलो होतो. त्यांच्या हातांवर जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी ते घड्याळ माझ्या हातात बांधलं आणि म्हणाले, "रविवारी आणून दे."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, इलाज नाही. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचो. माझं काम म्हणजे टेबलावर दोन हात ठेवून बसणं. फाइल शिपाई आणायचा, फाइल शिपाई न्यायचा. घरी आलो की खाट. रविवारी सकाळी उठून पाहतो तर घड्याळ बंद. मला धडकीच भरली. आता भाऊजींचा शब्द गेलाच, तोही माझ्या हातून! इंदोऱ्याला त्यांच्या घरी जाऊन चोरासारखा मी हात पुढे केला. त्यांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं आणि एकदम ओरडले, "वच्छला! ये वं इकडे! तुह्या भावाच्या आळसानं वाचवलं मले!"

मग मला समजावून सांगितलं. चूक घड्याळात नव्हती, त्यांच्या पारखण्यात होती. ते दिवसभर सायकल हाणणार, बोलताना हातवारे करणार, पेट्रोलमध्ये ब्रश फिरवणार. त्यांच्या हातावर तर दगडही चालला असता. हे घड्याळ धडधाकट होतं, फक्त उपाशी होतं. गोपाळराव गुरुजींचा हात हलत नसावा. "चाल," ते म्हणाले, "गुरुजीले समजावून सांगतो, संध्याकाळी रुपरावले सांगतो." मला इतका आनंद झाला, की चहा न घेता मी त्यांच्या सायकलवर मागे बसलो.

धंतोलीतल्या त्या घरात शिरलो आणि दारातच थांबलो. गोपाळराव आरामखुर्चीत होते. डावा हात उशीवर ठेवलेला. सात महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला होता, बोलणं सावरलं होतं. हातातही थोडी ताकद उरली आहे, रोज हलवा, असं डॉक्टर सांगून गेले होते, पण गुरुजींनी मनावर घेतलं नव्हतं. सिंधूताईंनी तो हात उचलून त्यावर घड्याळ बांधलं आणि पुन्हा उशीवर ठेवला. गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "चालून राहिलं ना? या हातात आता हे एवढंच जिवंत हाये, चंद्रभान. तेही थांबलं, की रात्रभर डोळा लागत नाई."

मी भाऊजींकडे पाहिलं. सांगा ना, म्हणून डोळ्यांनी खुणावलंही. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मग खाली बसून म्हणाले, "गुरुजी, चूक माझी. तेल जास्त झालं. ते आता आत पसरलं पाहिजे. त्याच्यासाठी सकाळी शंभर अन् संध्याकाळी शंभर झोके द्या लागतीन."

"सिंधू देईल," गुरुजी म्हणाले.

"नाई गुरुजी. हातातून काढून हलवलं तर तेल एका बाजूले जाते. घड्याळ याच हातावर पाहिजे आन् झोका बी याच हाताचा. पायजे तर उजव्याचा आधार घ्या."

गुरुजींनी मुलं नापास करताना पाहत असतील तसं भाऊजींकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

बाहेर येताच मी तडकलो. खोटं बोललात ते बोललात, स्वतःवर कशाला ओढून घेतलं? आणि रुपरावाला तरी खरं सांगाल की नाही? भाऊजी म्हणाले, "रुपराव त्याहीचाच विद्यार्थी हाये गा. येता-जाता भेटाले जाते. आज त्याले सांगितलं तर उद्या गुरुजीले समजन, का चंद्रभानच्या हिशोबानं आपला हात मेला. शब्द माहा हाये, तो मोडला तर मी पाहून घेईन."

आणि सोमवारी या माणसाने रुपरावासमोर जाऊन सांगितलं की कारण सापडलं नाही. त्या दिवसापासून ऑटोमॅटिक बंद. कोणी घेऊन आलं की हात जोडायचे. भिंतीवरची घड्याळं, गजराची घड्याळं, चावीची घड्याळं, तेवढंच काम. मनगटं मोकळी झाली. मला ती बघवत नसत. मी तर आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. वच्छलाताईला तक्रार केली, तर ती भाकरी थापताना म्हणाली, "तुहे भाऊजी सुखानं झोपून राहिले. तुलेच काहून झोप नाई?" खरं होतं ते. भाऊजी मजेत होते. गजराच्या घड्याळांना तेल घालताना शीळ घालायचे.

दर रविवारी ते धंतोलीला जात. मीही कधी मागे बसून जाई. सिंधूताईंनी कॅलेंडरवर रोज घड्याळ किती वाजता थांबलं ते लिहायला सुरुवात केली होती. आधी रात्रीच थांबायचं. मग पहाटे. मग एका तारखेपुढे नुसती रेघ होती. त्या दिवशी थांबलंच नव्हतं. भाऊजी भिंग लावून घड्याळ बघितल्यासारखं करत आणि गंभीरपणे सांगत, "अजून थोडं तेल राहिलं गुरुजी. दीडशे करा." गुरुजी आधी उजव्या हाताने डावा ढकलत, मग नुसतं बोट लावत. दिवाळीच्या आधी एकदा त्यांनी उजवा हात मुद्दाम पाठीमागे घेतला आणि डावा गुडघ्यावरून खांद्यापर्यंत एकट्याने उचलला. सिंधूताई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात गांधीबागेत एक सायकलरिक्षा येऊन थांबली. गुरुजी उतरले. उजव्या हातात काठी, डाव्यात घड्याळ. समोरून रुपराव धावत आला, पाया पडला. कापडदुकानातले दोघे-तिघे जिन्यावर उभे राहिले. भाऊजींनी आपलं एकुलतं एक स्टूल पुसून पुढे केलं, पण गुरुजी बसले नाहीत.

"रुपराव," ते वर्गात बोलावं तसं म्हणाले, "चंद्रभाननं ऑटोमॅटिक सोडलं, असं तूच सांगितलं ना मले परवा? काहून सोडलं, हे मी तुले सांगाले आलो. हे घड्याळ कधीच बंद पडलं नव्हतं. बंद पडला होता तो माहा हात. माह्या घरी आला त्या दिवशीच याले ते समजलं होतं. अन् मले दुसऱ्या दिवशी. छत्तीस वर्षं पोरांची खोटी कारणं आयकली मी, तेलाचं कारण ओळखणार नाई काय?"

रुपरावाने मान खाली घातली.

"मंग बोलले काहून नाई, गुरुजी?" भाऊजींनी हळूच विचारलं.

"बोललो असतो तर तू झोके मोजाले आला असता काय दर रविवारी?" असं म्हणून गुरुजींनी डावा हात पुढे केला आणि भाऊजींच्या डोक्यावर ठेवला. उजवा काठीवरच होता, डावा त्यांनी एकट्याने उचलला होता.

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी हट्ट सुटेना. हात डोक्यावर असतानाच ते म्हणाले, "पर तेल थोडं जास्तच झालं होतं, गुरुजी."