माझ्या मापाचं जॅकेट

आमच्या पूर-मदत पथकात सामान निवडायचं आणि पिशव्या भरायचं काम माझ्याकडे होतं. रिफायनरीच्या सुरक्षा विभागात आयुष्यभर नोकरी केल्यामुळे दोर, गाठी, हुक यांतलं मला कळतं, असं सगळे धरून चालायचे. ते खोटं नव्हतं. म्हणूनच जे झालं त्याला माझ्याकडे सबब नाही.

पथक म्हणजे आम्ही अकरा जण. विश्वामित्री नदी फुगली की सरकारी बोटी पोचेपर्यंत गल्ल्यांमधून म्हातारी, आजारी माणसं बाहेर काढायची, एवढंच आमचं काम. प्रमुख होते एक निवृत्त बँक मॅनेजर, गुजराती, बोलायला अतिशय गोड. त्यांना सगळे मोटाभाई म्हणायचे.

सामान भरण्यात माझा हट्ट चालायचा. गमबूट बाद, कारण आत पाणी शिरलं की पाय उचलत नाही. त्याऐवजी नाडीचे कॅनव्हासचे बूट. जीन्स बाद. पाण्यावर तरंगणारा दोर पिशवीत घड्या न घालता नुसता सोडत भरायचा, म्हणजे फेकताना गुंता होत नाही. शिट्टी पिशवीत नाही, खांद्याच्या पट्ट्याला. आणि प्रत्येकाच्या हातात एक लांब बांबू, कारण पुराच्या पाण्याखाली गटाराचं झाकण जागेवर आहे की नाही ते बांबूच सांगतो. नदीत मगरी आहेत, पण त्यांची भीती बाहेरगावच्यांना. आम्हाला धास्ती असायची ती उघड्या गटारांची.

बांबू चालवण्यात सगळ्यांत पटाईत माझा एक मित्र होता. मूळचा जळगावकडचा, रेल्वेत फिटर, मांजलपूरला राहायचा. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान, माझ्याशी मराठीतच बोलायचा, मला दादा म्हणायचा. रविवारी रावपुऱ्यात आमच्याकडे यायचा, गॅलरीत बसून माझ्याबरोबर दोर तपासायचा, जेवून जायचा.

आमच्याकडे चांगली लाइफ जॅकेट चारच होती, जुनी, रंग उडालेली. त्या वर्षी एका दात्याने दहा नवी दिली. झगझगीत केशरी, पाठीवर दात्याच्या दुकानाचं नाव. हातात घेतल्याबरोबर मला ती हलकी वाटली, नको तितकी. घरी आणून मी गच्चीवरच्या टाकीत एक जुनं आणि एक नवं सोडलं, दोन्हींना सारख्याच वजनाचं लोखंड बांधून. दुपारी जेवून वर गेलो तर जुनं तरंगत होतं आणि नवं तळाला होतं.

मी मोटाभाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दात्याला परत कसं करणार? त्याला किती वाईट वाटेल," ते म्हणाले. "आणि आपण काही समुद्रात जात नाही. पाणी कमरेएवढं असतं. चालशे."

मग त्यांनी सामानाची यादी पुढे केली. प्रत्येक वस्तूपुढे 'तपासले' असा रकाना होता. मी सही केली. वाद घातला असता तर ते रागावले नसते, नुसते हसले असते आणि पुढच्या वर्षी यादी दुसऱ्याकडे दिली असती. मला ते काम सोडायचं नव्हतं. लोक माझं ऐकायचे, ते मला आवडायचं.

पूर आला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी पिशव्या भरल्या. चार जुन्या जॅकेटांपैकी तीन, ज्यांना बाहेर काढायचं त्या माणसांसाठी ठेवली. चौथं माझ्या स्वतःच्या पिशवीत घातलं. माझ्या मापाचं आहे, असं मी मनाशी म्हटलं. पट्टे ओढले की ती जॅकेटं कुणाच्याही मापाची होतात.

सकाळी सुभानपुऱ्याच्या पुढे एका सोसायटीपाशी टेम्पो थांबला. मी एकेकाला जॅकेट देत होतो. मित्राने नवं घातलं, पट्टे आवळले आणि हसला.

"दादा, हे ठीक आहे ना? फारच हलकं आहे."

"ठीक आहे," मी म्हणालो. "पाणी कमरेएवढंच आहे."

तासाभरात आम्ही तीन घरं रिकामी केली. चौथ्या घरात एक आजी पलंगावर बसून होत्या, खाली यायला तयार नव्हत्या. तिकडे जाताना वाटेत कांस लागते, म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणारा मोठा नाला. त्याचा कठडा वाहून गेला होता आणि वरून सगळं पाणी एकसारखं गढूळ दिसत होतं. मित्र सर्वांत पुढे होता. त्याने बांबू टेकवला, बांबू खाली गेला, आणि तोल जाऊन त्याच्यामागे तोही गेला.

कमरेला दोर होता, दुसरं टोक माझ्या हातात. चांगल्या जॅकेटने माणूस क्षणात वर यायला हवा. तो वर आला नाही. आम्ही तिघांनी ओढून काढलं तेव्हा जॅकेट ओल्या गादीसारखं त्याच्या गळ्याशी गोळा झालं होतं आणि त्याचा चेहरा निळा पडला होता. छाती दाबल्यावर त्याने काळं पाणी ओकलं. आजींना नंतर सरकारी बोटीने नेलं.

गटाराचं पाणी फुप्फुसात गेलं होतं. तीन आठवडे तो दवाखान्यात होता. दुसऱ्या आठवड्यात त्याला धड बोलता यायला लागलं. मी खुर्चीवर बसलो होतो, त्याची बायको मोसंबी सोलत होती.

"ते जॅकेट बुडतं, हे तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही.

"हो," मी म्हणालो.

"आणि तुमच्या अंगावर कुठलं होतं?"

"जुनं."

त्याच्या बायकोचे हात थांबले. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मोसंबी खाली ठेवून ती म्हणाली, "भावजी, तुम्ही निघा आता."

पथकाचा सत्कार झाला. माझा दोर तुटला नाही, म्हणून मोटाभाईंनी भाषणात माझं कौतुक केलं आणि दात्याच्या हातून मला शाल दिली. मी ती घेतली. फोटोत मी हसतोय.

दुसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीत जाऊन मी उरलेली नवी जॅकेटं सुरीने कापली. आत नुसता पाणी पिणारा पॅकिंगचा स्पंज होता. मोटाभाई दारात येऊन उभे राहिले.

"ही पथकाची मालमत्ता आहे," ते म्हणाले. आवाज तसाच गोड. "तुम्ही दमला आहात. आता विश्रांती घ्या."

त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही. कापायचीच होती तर गच्चीवरून खाली आलो त्या दुपारी कापायला हवी होती, हे समजायला मला कुणाची गरज नव्हती.

मित्राला आता जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. रेल्वेने त्याला फिटरच्या कामावरून काढून टेबलाच्या कामाला बसवलं आहे. तो बोलणं टाकेल, तोंड फिरवेल, असं मला वाटलं होतं. तसं काही त्याने केलं नाही. मंगळवारी भाजीबाजारात समोरासमोर आलो. त्याने मान हलवली, "केम छो" म्हणाला, जसं कुठल्याही ओळखीच्याला म्हणतात तसं, आणि मी मराठीत उत्तर देईपर्यंत पुढे निघून गेला.