दगड चाटणारा शेजारी

दगड हातात आला की तो आधी चाटायचा. ओला झाल्याशिवाय दगडाचा आतला रंग कळत नाही, त्यासाठी पाण्याची वाटी शेजारीच असायची. पण गाय वासराला चाटते तसा हा दगड चाटणार आणि म्हणणार, "बगू, आत कोण हाय."

धारूरला एकाच पत्र्याच्या शेडमध्ये आमची दोन चाकं होती. अकीकाचे रंगीत दगड चाकावर घासून बोटाच्या पेरावर मावतील अशी जनावरं कोरायची, हा आमचा धंदा. दूरच्या एका राजघराण्याला अशा जनावरांचा नाद. त्यांचा कारभारी अधूनमधून निवडायला यायचा. राजाच्या कपाटात आपलं एक तरी जनावर जावं, एवढीच माझी इच्छा होती. ह्याची तिथं अख्खी दावण बांधलेली. आता तुम्हीच सांगा, जळू नको तर काय करू?

एकदा मी अंबारीचा हत्ती कोरायला घेतला. राजाला हत्ती नाही तर काय शेळी आवडणार? धुरकट रंगाचा एक अकीक निवडला, पण त्यात काळा ठिपका निघाला, म्हणून तो टाकून दुसरा घेतला. ह्यानं टाकलेला उचलला आणि चाटला.

"हे टाकलंस कावून बे?"

"डाग हाय त्यात."

"डाग न्हाई, डोळा हाय. बगतंय की तुझ्याकडं."

त्या डोळ्याभोवती त्यानं नुकतं जन्मलेलं रेडकू कोरलं, पाय अजून धड न टेकलेलं. कारभाऱ्यानं माझ्या अंबारीचं तोंडभरून कौतुक केलं आणि रेडकू उचललं. दगड माझा, नाव ह्याचं. वर मलाच म्हणतो, "हत्ती लई भारी झालता रं." खरंच तसं वाटायचं त्याला. त्याचाच मला जास्त राग यायचा.

गेल्या वर्षी तो गेला. त्याचा बसायचा पाट मी हलवला नाही, कुणाला त्यावर बसूही दिलं नाही.

यंदा कारभारी आला तेव्हा माझी एक शेळी समोर ठेवली, मागच्या पायानं कान खाजवणारी. त्यानं ती उजेडात फिरवून फिरवून पाहिली.

"त्यांच्या हातची शेवटची का?"

"न्हाई साहेब. माझी हाय."

त्यानं शेळी कापसात गुंडाळून डबीत ठेवली. "चांगलं शिकवलं हो त्यांनी तुम्हाला."

मला त्यानं कधी काही शिकवलं नव्हतं. मेल्यावरही शाबासकी त्यालाच. कारभारी गेल्यावर चरफडत मी पुढचा दगड उचलला आणि चाटला. पाण्याची वाटी शेजारीच होती.