पांढऱ्या रंगातून वर आलेले पाच डाग

चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत मी पेंट शॉपला तपासणीवर आहे. रंग मारून भट्टीतून निघालेली गाडी पांढऱ्याफेक दिव्यांखाली येते आणि तिच्यात खोट काढायचा मला पगार मिळतो. दाणा, ओघळ, खड्डा, अडकलेला केस, काहीही. हातमोजा घातलेल्या तळव्याने पत्रा चाचपत जायचं, सापडलं की पुसता येणाऱ्या मार्करने गोल करायचा, शेजारी ‘एनजी’ ही दोन इंग्रजी अक्षरं लिहायची आणि फोटो काढायचा. एनजी म्हणजे नापास. चौदा वर्षं हेच करतेय. त्यामुळे स्वभाव असा झाला, की आधीपासूनच असा होता म्हणून मला तिथे उभं केलं, ठाऊक नाही. लग्नाला गेले तरी नवरीच्या आधी मला स्टेजच्या पडद्यावरचा डाग दिसतो. घरात आता माझे वडील, आबा, आणि मी दोघंच, आणि आबा माझ्या देखत चहासुद्धा गाळत नाहीत, कारण मी कपाची कड बघते.

आमच्या घरच्या गाडीला मात्र मी कधी हात लावला नव्हता. आबांनी ती घेतली तेव्हा मी दुसरीत होते. रहाटणीतल्या आमच्या रानाचा एक तुकडा नुकताच बिल्डरकडे गेला होता आणि भावकीतला जो तो जीप नाहीतर बुलेट घेत होता. आबांना काय बुद्धी झाली देव जाणे, त्यांनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. कुठल्याशा कारखान्यात मशिनी बसवायला आलेल्या एका जपानी साहेबाने ती स्वतःसाठी आणली होती, आणि परत जाताना इथेच सोडली. पांढरीशुभ्र, दोनच दारं, बूड रस्त्याला टेकतंय की काय अशी बुटकी. बटण दाबलं की पुढचे दिवे बॉनेटमधून डोकं वर काढायचे. आई त्यांना बेडकाचे डोळे म्हणायची. गावातले लोक आबांना विचारायचे, ‘दादा, हिच्यात वैरण कुठं घालायची?’ त्यांची तोंडं बंद करायला आबांनी एकदा खरोखर कांद्याची दोन पोती तिच्यात कोंबून चाकणच्या बाजारात नेली. परत आले तेव्हा गाडीचं ढुंगण बसलेलं. आई हसून हसून उंबऱ्यातच बसली होती.

त्या पांढऱ्या रंगाला आबा फार जपायचे. खंडेनवमीला आमच्याकडे विळा, कोयता, पहार, आईचं शिलाई मशीन आणि गाडी, सगळ्यांची पूजा व्हायची. बाकी सगळ्यांना कुंकवाची बोटं लागायची. गाडीला नाही. ‘रंगाला डाग पडत्यात, तिला नुसतं फूल वाहा,’ आबा म्हणायचे. आई ‘बरं’ म्हणायची आणि आरशाला झेंडूची माळ अडकवायची. मी एवढंच पाहिलेलं आहे. आईचं ‘बरं’ म्हणजे काय असायचं, हे तिची पोर म्हणून मला तरी कळायला हवं होतं.

तिला स्वतःला लाल गाडीची हौस होती. ती दवाखान्यात होती तेव्हा आबांनी तिला न सांगता गाडी एका रंगाऱ्याकडे टाकली आणि लालभडक करून आणली. सुट्टी मिळाली की हिच्यातनंच घरी आणायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आई ॲम्ब्युलन्समधून घरी आली. तेरावं झाल्यावर आबांनी गाडीवर ताडपत्री टाकली, आणि ती नऊ वर्षं निघाली नाही.

मी दर वर्षी मागे लागायचे. म्हणायचे, आबा, माझा धंदाच आहे हा, मी करते ना पहिल्यासारखी. ते ‘ऱ्हाऊ दे’ म्हणून विषय तोडायचे. मग मागच्या वर्षी त्यांना दोन जिने चढून दम लागायला लागला, डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं, आणि एका सकाळी बशीत चहा ओतता ओतता त्यांनी आपण होऊन विचारलं,

‘त्यो तांबडा रंग निघंल का गं?’

‘सगळा निघेल.’

‘खालची पांढरी दिसंल?’

‘पांढरी म्हणजे काय, आत्ता जपानातून उतरलीय असं वाटेल.’

आबा हसले. नऊ वर्षांत त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. त्यांची एकच अट होती, खंडेनवमीच्या आत व्हायला पाहिजे. मी म्हटलं, होणार म्हणजे होणार. त्या हसण्यासाठी मी वाट्टेल ते केलं असतं.

थेरगावात डांगे चौकाच्या मागे एक म्हातारे पेंटर मामा आहेत, त्यांच्या शेडमध्ये मला रविवारची जागा मिळाली. आठ महिने मी एकही रविवार सोडला नाही. बेडकाचा एक डोळा उघडत नव्हता. भंगारवाल्याने दुसऱ्याच गाडीची मोटर दिली, चाललीही ती, पण मी काढून परत केली. मला त्याच गाडीची हवी होती. पेट्रोलच्या झाकणाच्या आत लाल रंग पोचला नव्हता. तिथे नखाएवढा मूळचा पांढरा सापडला, त्यावरून मी छटा जुळवली. सहा वेळा. मामा वैतागले. ‘ताई, पांढरा तो पांढरा,’ म्हणाले. मी त्यांना पांढरे किती प्रकारचे असतात यावर अर्धा तास ऐकवलं. बिचारे ऐकत बसले.

बाहेरचे सगळे भाग मी पत्र्यापर्यंत सोलले. दारांच्या आतल्या चौकटीवरचा जुना पांढरा मात्र घट्ट होता, म्हणून तिथे औषध लावून फक्त लाल तेवढा खरवडला. लाल विरघळून सगळीकडे फासला गेला, गुलाबी राडा झाला. तो पुसला, घासला आणि वर नवा पांढरा मारला. पुढच्या रविवारी जाऊन बघते तर डाव्या दाराच्या आत, चौकटीवर, पाच डाग. फिकट गुलाबी, एकाखाली एक, शर्टाच्या गुंड्यांसारखे.

मामा म्हणाले, ‘तांबडा लई वंगाळ रंग. वरनं काय बी मारा, खालून फुटून वर येतोय.’

हे खरंच आहे. लालाची ही खोड मलाही माहीत होती. मी डाग घासले, परत रंग मारला. पुढच्या रविवारी परत पाच. जरा फिके, पण तेच पाच, त्याच जागी. आता मात्र माझं डोकं फिरलं. मी मार्कर काढला, पाचांभोवती गोल केला, सवयीप्रमाणे एनजी लिहिलं आणि फोटो काढला. मामा म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या की. दाराच्या आत कोण बघतंय?’

‘मी बघते,’ मी म्हटलं.

कंपनीत सारख्या अंतरावर पाच सारखे डाग दिसले असते, तर मी लाईन थांबवून आधी कारण शोधलं असतं. असे डाग आपोआप पडत नाहीत, हे मी नवीन मुलींना शिकवते. पण खंडेनवमीला तीन रविवार उरले होते आणि मला घाई होती. तिसऱ्या वेळी रंग मारला तेव्हाही ते आले, अगदी पुसट, माझ्यासारखीलाच दिसतील असे. मग मी ती पूर्ण चौकट पत्र्यापर्यंत घासली. कोपऱ्यात मशीन जाईना, तिथे पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून घासलं. वर खालचं काही फुटून येऊ नये म्हणून सीलर मारला, मग रंग. त्या दिवशी माझ्या बोटाची साल निघाली होती आणि मी खुशीत होते. पुढच्या रविवारी काहीच वर आलं नाही. मी मामांना पेढे दिले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी घरी आणली. गल्लीतले लोक जमले. आबा गॅलरीत होते, त्यांनी वरूनच बघितलं आणि आत गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले असतील. खाली आले ते दुसऱ्या दिवशी सकाळीच, आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून. मी ताट घेऊन तयार होते. मला वाटलं, आधी पुढे उभे राहतील, दिवे बघतील. ते सरळ डाव्या दाराकडे गेले. दार उघडलं आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली वाकले. बराच वेळ वाकूनच होते.

‘हितं काय न्हवतं का?’ त्यांनी विचारलं.

आणि मी, काय सांगू, मी तोऱ्यात म्हटलं, ‘होते ना. पाच डाग होते. हट्टी मेले, तीनदा वर आले. शेवटी पत्र्यापर्यंत घासून काढले. आता जन्मात येणार नाहीत.’

‘तीनदा?’ आबा म्हणाले.

मग ते दाराच्या चौकटीच्या खालच्या कडेवर टेकले, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. ‘तुझी आई. दर खंडेनवमीला माझा डोळा चुकवून ह्ये दार उघडायची अन् हितं बोट लावायची. पाच टायमाला. कुंकू तेलात कालवायची, टिकावं म्हणून. दर वर्षी त्याच जागी. मला ठावं हुतं. मी मुद्दाम पाठ करून हुबा ऱ्हायचो.’

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

‘तांबडा मारताना मी त्या रंगाऱ्याला बजावलं हुतं, दाराच्या आत हात लावू नगंस. त्यानं मारलाच. पर मला वाटलं, खाली तर हाय. वरचा निघाला की दिसंल. म्हून तर तुला हो म्हटलं.’

‘मला सांगायचं तरी, आबा.’

‘लाज वाटली,’ ते म्हणाले. ‘पोरीला काय सांगायचं असलं.’

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, तुझी चूक न्हाई बाई, काम लई चांगलं केलंस, आणि उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला. ताटातलं कुंकू मी निरांजनातल्या तेलात कालवलं आणि त्याच जागी बोट लावायला गेले. आबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, ‘नगं. ती तिची जागा हाय.’

पूजा आम्ही केली. गाडी सुरूही झाली, पहिल्या झटक्यात. बेडकाचे दोन्ही डोळे उघडले. आबांनी ती गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, मी आईच्या जागी बसले होते. सूक्ष्मातला सूक्ष्म दाणा सापडणार नाही अशी ती गाडी झाली आहे, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. तीन वेळा माझी आई त्या रंगातून वर आली. तीनही वेळा मी तिला घासून काढलं, वर पेढे वाटले.

संध्याकाळी फोटोची आठवण झाली. मोबाईल उघडून मी तो आबांना दाखवला. त्यांनी मोबाईल हात लांब करून धरला, चष्मा वर-खाली केला आणि एकेका डागावर बोट ठेवत मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. परत मोजलं. मग विचारलं, ‘ही अक्षरं कसली?’

‘फोटोचा नंबर आहे,’ मी म्हटलं, आणि त्यांनी मागितला म्हणून फोटो त्यांच्या मोबाईलवर पाठवला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मला वाटलं, आबा सोनं द्यायला गेलेत. ते डांगे चौकात जाऊन त्या फोटोची मोठी प्रत काढून, फ्रेम करून घेऊन आले. दुकानदाराने डाग चांगले गडद करून दिले होते, आणि अक्षरंही. आता ती फ्रेम आईच्या फोटोशेजारी आहे. अक्षरं मी खालच्या दोन डागांना अगदी चिकटवून लिहिली आहेत. कापायची म्हटली तर त्यांच्याबरोबर आईची दोन बोटं जातात. मोबाईलवर पुसता येतात म्हणे. पण पुसायचं काम मी एकदा केलंय, आता नाही करणार.

आबा रोज सकाळी त्या फ्रेमला फूल वाहतात. मी तिथेच उभी राहून डबा भरते. आईच्या कुंकवाला माझ्या हाताने लिहिलेलं नापास रोज वाचते, आणि कंपनीची बस पकडायला जाते.