देव सांगलीत अडकला

सातारा, ता. ३ फेब्रुवारी १९४७

किती महिने या रोजनिशीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी असावी. सबब रचायचाही आळस केला.

आमच्या मंडळाने ठराव केला, की परंपरा जपणाऱ्या डोंगरी लोकांपैकी एक ज्येष्ठ आणि एक तरुण निवडून सांगलीत सत्कार करायचा. त्यांना आणायला मला पाटणच्या वरच्या धनगरवाड्यावर धाडलं. जाणार असाल तर काठी घ्या, वाट घसरडी आहे. वर ताक मिळतं, पैसे घेत नाहीत.

म्हातारे धुळाप्पा बिरोबाच्या ओव्या गातात. नातू सिदू पलटणीतून परतलेला, ढोल वाजवतो.

"मास्तर, ओवी झेलायला, शेवटचा शबुद उचलून म्हनायला, मागं माणसं लागत्यात. दोघात कसं हुयाचं?" धुळाप्पा म्हणाले.

"ठरावात दोनच आहेत," मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर बोललो.

पाटणहून कराडला मोटार; भरली तरी ड्रायव्हरचा चहा व्हायचा असतो. कराडचं स्टेशन गावापासून लांब, टांगा आधी ठरवावा. पुढे मिरजेवरून सांगली.

सभागृहात अध्यक्ष लोप पावणाऱ्या लोककलेवर इतका वेळ बोलले, की तिला लोपायला तेवढा पुरला असता. मग शाल आली. चिटणीस धुळाप्पांच्या कानाशी लागले, "आधी ते घोंगडं उतरवा, फोटोत बरं दिसत नाही."

अखेर ओवी सुरू झाली. बिरोबा मेंढरं घेऊन घरातून निघाला, रानात पोचला, आणि चिटणिसांनी घंटा वाजवली. अध्यक्षांना गाडी गाठायची होती. टाळ्या पडल्या.

धुळाप्पांचा हात वरच राहिला. "आवं, देव रानात हाय! घरला न्हेऊ द्या की!"

"फारच छान! बाकीचं पुढच्या वर्षी," चिटणीस म्हणाले.

ओवीत देवाला घराबाहेर काढलं, की घरी पोचवूनच थांबायचं, अशी धनगरांची रीत. परतीच्या गाडीत म्हातारा घोंगडं मांडीवर घेऊन बसला होता. "देवाला रानात टाकून वाड्यात कुठल्या तोंडानं शिरू?"

सिदूने ढोल गुडघ्यात धरला. "मग हितंच न्हेऊ, आज्या."

"झेलनार कोन?" धुळाप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमीच अडकिवला. झेला आता."

मी झेललं. समोरची कोंबड्यांची पाटी घेतलेली बाई म्हणाली, "आवं, गाताय का रडताय? सरका तिकडं!" आणि तिने शेवटचा शब्द असा उचलला, की मागचे दोन शेतकरीही लागले. मग अख्खा डबा. कराड जवळ आलं तेव्हा बिरोबा घरी होता. धुळाप्पांनी डोळे पुसले, घोंगडं पांघरलं. सत्काराची शाल सिदूने ढोलाला गुंडाळली. थंडीत कातडं सैल पडतं.

घरी येऊन आता विचार करतोय. घंटेनंतर टाळ्या मीही वाजवल्या होत्या. रागाने नाही, आनंदाने नाही, सवयीने. त्या सवयीचं काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही. मंडळाच्या अहवालाचा कच्चा मसुदा मात्र टपालाने माझ्या सहीसाठी आला आहे.

उद्या : मसुद्यात ‘ओवी ऐकली’ असं आहे, तिथे ‘ओवी तोडली’ करून मगच सही करणे.